प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रही मिळालं. मग खिडकीवरचं काम का बदलत नाही?

सध्या दापोली, गुहागर, देवगड, कुठल्याही तालुक्याच्या सरकारी कार्यालयात गेलात तर 'आयगॉट' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठाचं नाव कानावर पडतं. ग्रामपंचायत अधिकारी, महसूल सहायक, आरोग्यसेविका, सगळ्यांना मोबाइलवर ऑनलाइन कोर्स करायचे असतात. कोर्स संपला की प्रमाणपत्र कार्यालयाच्या ग्रुपवर टाकायचं. दुसरीकडे कार्यालयांच्या सुधारणा मोहिमा चालू आहेत. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने १०० दिवसांची मोहीम घेतली. तिचं मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केलं, १ मे रोजी निकाल लागला आणि विभागीय आयुक्त कार्यालयांमध्ये कोकण विभाग पहिला आला. पाठोपाठ १५० दिवसांचा कार्यक्रमही आला.

खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न मात्र साधा असतो. यांचे कोर्स झाले, पण माझी वारस नोंद कधी होणार? कर्मचाऱ्याला शिकवलं की काम सुधारतं का, आणि सुधारत नसेल तर घोडं कुठे अडतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण या सगळ्यावर खर्च होणारा पैसा आणि वेळ आपला आहे.

आधी, हे चाललंय काय?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी' मंजूर केलं. त्यामागचा विचार असा: सरकारी कर्मचारी नोकरीला लागताना एकदा शिकतो, खात्याच्या परीक्षा देतो आणि मग निवृत्तीपर्यंत बहुतेक जुन्या ज्ञानावरच चालतो. तसं न होता त्याच्या कामाला जे कौशल्य लागतं ते त्याला नोकरीभर शिकता यावं. सरकारी भाषेत याला 'क्षमता विकास' म्हणतात. आयगॉट हे त्यासाठीचं ऑनलाइन व्यासपीठ, आणि देशभरातले एक कोटीहून अधिक कर्मचारी त्यावर नोंदलेले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षण सप्ताह झाला, तेव्हा प्रत्येकाने किमान चार तास शिकावं असं उद्दिष्ट ठेवलं होतं. महाराष्ट्रात हे काम नवं नाही. पुण्याची यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था गेली कित्येक वर्षं अधिकाऱ्यांना शिकवते आहे आणि राज्याचं स्वतंत्र प्रशिक्षण धोरण २०११ पासून आहे.

या क्षेत्रात ७०-२०-१० असं एक सूत्र वारंवार सांगितलं जातं. माणूस कामातलं सत्तर टक्के प्रत्यक्ष काम करताना शिकतो, वीस टक्के सहकाऱ्यांकडून आणि वरिष्ठांकडून, आणि वर्गात किंवा कोर्समधून फक्त दहा टक्के. हे आकडे काट्यावर मोजून काढलेले नाहीत, अनुभवावरून बांधलेला तो अंदाज आहे. पण त्याची दिशा बरोबर आहे, आणि मिशन कर्मयोगीनेही हे सूत्र मानलं आहे. तरी प्रत्यक्षात आपण मोजतो काय? किती कोर्स झाले आणि किती प्रमाणपत्रं आली, म्हणजे त्या दहा टक्क्यांचा हिशोब. उरलेले नव्वद टक्के ज्याच्या हातात आहेत तो माणूस म्हणजे कर्मचाऱ्याचा लगतचा वरिष्ठ. तलाठ्याचा मंडळ अधिकारी, लिपिकाचा अव्वल कारकून किंवा नायब तहसीलदार, ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा विस्तार अधिकारी. सगळा लेख या माणसाभोवती फिरणार आहे.

हर्णैच्या बंदरात हे सगळ्यांना ठाऊक आहे

मासेमारीच्या होडीवर नवा पोरगा खलाशी म्हणून चढतो तेव्हा त्याला जाळ्याची नावं पाठ असून भागत नाही. कुठल्या पाण्यात जाळं कधी सोडायचं, वारा फिरला की आधी कशाला हात घालायचा, हे तो तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, शेजारी उभा राहून शिकतो. तांडेल शहाणा असेल तर त्याला आधी सोपं काम देतो, चुकला तर तिथल्या तिथे दाखवतो आणि हंगाम संपेपर्यंत त्याच्या हाती दोर देतो. तांडेल नुसताच ओरडणारा असेल तर पोरगा एकच गोष्ट शिकतो: नजरेत येऊ नये. होडी, इंजिन, जाळं, डिझेल सगळं तेच असून दोन होड्यांच्या मासळीत फरक पडतो.

सरकारी कार्यालयातही फरक इथेच पडतो. मात्र तांडेल वर्षानुवर्षं त्या पाण्यात राहून, बाकीच्यांनी मानल्यावर तांडेल होतो. आपला अव्वल कारकून सेवाज्येष्ठता आणि महसूल अर्हता परीक्षा या दोन पायऱ्या चढून वर येतो. त्या परीक्षेचा भर कायद्यावर आणि कार्यपद्धतीवर असतो. हाताखालच्या पाच माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, नव्याला कसं शिकवायचं, चूक कशी सांगायची, हे त्यात कुठे येत नाही. एका रात्रीत तो टेबलाच्या या बाजूचा त्या बाजूला जातो, आणि आपल्या जुन्या साहेबांना जे करताना पाहिलं तेच करू लागतो.

शिकलेलं टेबलापर्यंत पोचतं कसं?

प्रशिक्षणाच्या अभ्यासकांनी हा प्रश्न फार पूर्वी हातात घेतला. टिमोथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांनी १९८८ मध्ये त्या वेळपर्यंतचं संशोधन तपासून मांडलं, की शिकलेलं कामात उतरणं तीन गोष्टींवर अवलंबून असतं: शिकणारा माणूस, शिकवण्याची पद्धत आणि परत गेल्यावर मिळणारं कामाचं वातावरण. तिसरीत मुख्यतः दोन बाबी येतात. वरिष्ठाचा पाठिंबा आणि शिकलेलं वापरायची संधी.

आपल्या देशातलं उदाहरण राजस्थान पोलिसांचं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ जिल्ह्यांतल्या १६२ पोलीस ठाण्यांत काही सुधारणा करून पाहिल्या. पोलिसांना तपासाचं आणि लोकांशी वागण्याबोलण्याचं प्रशिक्षण दिलं, त्याचा परिणाम दिसला. तक्रारदारांचं समाधान वाढलं. पण साप्ताहिक सुट्टी, कामाची पाळीपाळीने वाटणी, ठाण्यात नागरिक निरीक्षक बसवणं, या सुधारणा टिकल्या नाहीत. त्या रोज राबवायच्या होत्या ठाणेदारांनी, आणि त्यांनी त्या मनावर घेतल्याच नाहीत. वरून आदेश होता, खाली शिपायाला सुट्टी हवी होती, आणि मधल्या पायरीवर सगळं थांबलं.

माझ्या मते या प्रयोगातली ही बाजू आपल्याकडे पुरेशी बोलली जात नाही. आपण मंत्रालयाकडे बघतो नाहीतर खिडकीतल्या लिपिकाकडे. मधला माणूस दिसतच नाही.

'प्रलंबित शून्य' आणि आत्याचा मृत्यूदाखला

आता प्रत्यक्ष काम जवळून पाहू. कोकणातला सातबारा म्हणजे नावांची रांग. आजोबा वारले, त्यांचे चार भाऊ आधीच गेलेले, पुढची पिढी लालबागला, डोंबिवलीला, विरारला. नातू दोन दिवस रजा काढून तुतारी एक्स्प्रेसने गावी येतो आणि वारस नोंदीचा अर्ज देतो. नियमाप्रमाणे तलाठी फेरफार, म्हणजे सातबारावरच्या नावांतला बदल, नोंदवतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

नातवाचा अर्ज परत येतो. शेरा: 'त्रुटी. वंशावळीत मयत आत्याचे वारस दर्शविलेले नाहीत.' तो पुन्हा येतो आणि आत्याच्या मुलांची नावं लिहून देतो. अर्ज पुन्हा परत. शेरा: 'त्रुटी. आत्याचा मृत्यूदाखला जोडलेला नाही.' दोन्ही शेरे बरोबर आहेत, कायद्याला धरून आहेत. पण ज्या दिवशी आत्याचं नाव निघालं त्याच दिवशी तिचा दाखलाही लागणार हे उघड होतं. ते त्याच कागदावर लिहिलं असतं तर नातवाची एक फेरी, दोन दिवसांची रजा आणि गाडीभाडं वाचलं असतं.

हे असं का घडतं? बहुतेक वेळा कारण आढावा बैठकीत सापडतं. तिथे तक्ता लागतो: किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती प्रलंबित. प्रलंबितचा आकडा मोठा असेल तर सगळ्यांसमोर बोलणी बसतात. त्रुटी काढून परत केलेला अर्ज कार्यालयाच्या हिशोबात टेबलावरून गेलेला असतो. म्हणजे अर्ज पूर्ण करून घेण्यापेक्षा परत करणं कर्मचाऱ्याला जास्त सोयीचं. त्याने कोर्समध्ये 'नागरिककेंद्रित सेवा' शिकलेली असते, तिच्यावर त्याचा विश्वासही असतो. पण बैठकीत जे विचारलं जातं तेच माणूस करतो.

दुसऱ्या तऱ्हेची बैठकही असू शकते. तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी तक्त्याबरोबर परत केलेल्या अर्जांपैकी एक मागवतो. 'हा वाच बरं. हा माणूस आता काय करील? कुठे जाईल? हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं का?' मग मयत वारस असेल तर कोणते कागद एकदम मागायचे याची यादी तयार होते आणि ती सजाच्या, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयाच्या, भिंतीवर लागते. याला प्रशिक्षणाचा निधी लागत नाही की सभागृह लागत नाही. अर्धा तास लागतो, आणि चूक दाखवली तरी समोरच्याचा अपमान होणार नाही याची काळजी घेणारा साहेब लागतो. सत्तर आणि वीस टक्क्यांचं शिक्षण म्हणतात ते हेच.

साहेब दोन तऱ्हेचे

नेतृत्वाचा अभ्यास करणारे दोन पद्धती सांगतात. अमेरिकी अभ्यासक जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये हा फरक मांडला. एक देवाणघेवाणीची पद्धत: काम केलंस तर शाबासकी, नाहीतर नोटीस. दुसरी परिवर्तनाची: काम कशासाठी आहे हे माणसाला पटवायचं, त्याला वाढवायचं, त्याच्यावर भरवसा टाकायचा. कार्यालय चालायला दोन्ही लागतात. हजेरी आणि हिशोब पहिल्या पद्धतीनेच चालतात. पण शिकणं दुसऱ्या पद्धतीशिवाय होत नाही, कारण शिकताना माणूस चुकतो, आणि चुकलं की नोटीस येणार असेल तर तो नवं काही करूनच पाहत नाही.

भरवसा टाकणं म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्या दारावरून रोज धावतं. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. रोह्यापासून मंगळुरूपर्यंतच्या डोंगरदऱ्यांतलं हे काम ई. श्रीधरन यांनी सात विभागांत वाटलं. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभागाला एक मुख्य अभियंता आणि त्याला जागेवर निर्णय घेण्याचे भरपूर अधिकार. चाळीस हजारांहून जास्त जमीनमालकांशी व्यवहार करायचा होता. प्रत्येक बारीक गोष्ट मुख्यालयाला विचारत बसले असते तर ते काम कधी उरकलं असतं कोण जाणे. कोकण रेल्वे स्वतंत्र महामंडळ होतं, त्याच्याकडे रोख्यांतून उभा केलेला पैसा होता, हे खरं. तहसील कार्यालयाला ती मोकळीक नाही. पण कोणता निर्णय कोणत्या टेबलावर संपेल हे आधी ठरवून देणं तहसीलदाराच्याही हातात असतं.

'नोकरी जायची भीती नाही, मग शिकवून काय उपयोग?'

हा आक्षेप चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रांपर्यंत ऐकू येतो, आणि त्यामागचा राग समजण्यासारखा आहे. पण धाक कागदावर कमी नाही. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या व विलंब प्रतिबंधाच्या कायद्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि मुद्दाम दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हा कायदा असूनही फायली पडून राहतात.

इम्रान रसूल आणि डॅनियल रॉजर या अर्थतज्ज्ञांनी नायजेरियातल्या ४,७०० हून अधिक सरकारी कामांचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचाऱ्यांना निर्णयाची मोकळीक जास्त तिथे कामं पूर्ण होण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि जिथे बक्षीस व देखरेखीचा बडगा जास्त तिथे ते कमी. तो प्रयोग नव्हता, फक्त आढळलेला संबंध होता, आणि नायजेरिया म्हणजे सिंधुदुर्ग नव्हे. तरी कारण ओळखीचं वाटतं. सरकारी कामात न मोजता येणारा भाग मोठा असतो. धाक वाढवला की माणूस मोजल्या जाणाऱ्या भागाकडे वळतो, आणि आत्याचा मृत्यूदाखला मोजल्या न जाणाऱ्या भागात राहतो.

लाच मागणारा किंवा कामावर न येणारा कर्मचारी हा वेगळा विषय. त्याला प्रशिक्षण हे उत्तर नाही, कारवाई हेच उत्तर आहे.

'माणसंच नाहीत, नेतृत्व काय करणार?'

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. एका तलाठ्याकडे दोन-दोन सजांचा कार्यभार, एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे अनेक गावं, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले शिक्षक आणि कर्मचारी जिल्हा बदलून मागतात आणि पद पुन्हा रिकामं. हे कोकणात सगळ्यांनी पाहिलं आहे. रिकामं पद कोणत्याही कोर्सने भरत नाही, आणि ज्याच्यावर तिघांचं काम आहे त्याला आणखी चार तासांचा कोर्स देणं हा अन्यायच आहे. पदं भरण्याची मागणी नेटाने करत राहिली पाहिजे.

तोवर वरिष्ठाचं एक काम उरतं: कोणतं काम आधी आणि कोणतं थांबलं तरी चालेल, हे स्वतःच्या जबाबदारीवर सांगणं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या तेव्हा हे प्रकर्षाने दिसलं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामे करायचे होते, वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. आणि कोकणातली वाडी म्हणजे काही गुंठ्यांत नारळ, त्याखाली सुपारी, मध्ये जायफळ, खोडावर मिरी चढवलेली, आणि सातबारावर पंधरा नावं. हेक्टरात नुकसान मोजणारा नमुना तिथे अपुरा पडतो. म्हणून तर झाडागणिक भरपाईची मागणी झाली. अशा वाडीत मोडलेलं झाड कसं मोजायचं, हे कोणत्याही कोर्सात नव्हतं. ते पहिल्या दोन-तीन वाड्यांत वरिष्ठाने सोबत उभं राहून ठरवून द्यायला हवं असतं. नाहीतर शेजारच्या दोन गावांत दोन हिशोब होतात आणि भांडणं पुढे वर्षभर पुरतात.

'साहेबांची बदली झाली की सगळं पाण्यात'

हेही खरं. बदली कायद्यानुसार एका जागी सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची. चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी २६ जुलै २००५ ला शिरलं आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला. मधली सोळा वर्षं. तीन वर्षांच्या हिशोबाने तेवढ्यात अधिकाऱ्यांच्या पाच फळ्या बदलतात. पहिल्या पुरात कोणत्या गल्लीत पाणी आधी आलं, होड्या कोणाकडून मिळाल्या, कोणता रस्ता शेवटपर्यंत उघडा होता, हे ज्यांना माहीत होतं त्यातले किती जण दुसऱ्या पुराच्या रात्री त्याच खुर्चीत असतील?

बदली होताना कार्यभार अहवाल लिहिला जातो. त्यात किल्ल्या, रोकड, जडवस्तूंची नोंद असते. त्याला दोन पानं जोडता येतील: या तालुक्यात पावसाळ्यात काय होतं, कोणत्या वाडीचा संपर्क आधी तुटतो, कोणती प्रकरणं चिघळलेली आहेत आणि का, हाताखालचा कोण कशात तयार आहे. बदल्या थांबवण्यापेक्षा हे फार सोपं आहे. आणि साहेब गेला तरी शिकलेले कर्मचारी राहतात. क वर्गाचे कर्मचारी बहुधा त्याच परिसरात फिरत असतात. म्हणून तर त्यांना शिकवणं ही साहेबाच्या तीन वर्षांतली सगळ्यात टिकाऊ कमाई.

वर्षाअखेरचा अहवाल

कर्मचाऱ्याचं वर्षाचं काम कार्यमूल्यमापन अहवालात लिहिलं जातं. जुनं नाव गोपनीय अहवाल. देव दत्त खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्यातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, नुसती वाईट नोंद नव्हे. त्यामुळे आता प्रत मिळते. पण 'ब+' ही प्रतवारी हातात पडली तरी ती 'अ' का झाली नाही आणि पुढच्या वर्षी काय शिकावं, हे बोलणं बहुतेक ठिकाणी होत नाही. आणि वरिष्ठाच्या स्वतःच्या अहवालात 'हाताखालच्या कोणाला यंदा काय शिकवलं?' याला ठळक वजन मिळत नाही तोवर तो त्यासाठी वेळ काढणार नाही. सरकारला एकच बदल सुचवायचा झाला तर मी हा सुचवेन, आणि त्याच्या जोडीला पहिल्यांदा बढती मिळणाऱ्या प्रत्येकाला, खुर्चीत बसण्याआधी, माणसं सांभाळण्याचं प्रशिक्षण.

आपल्या हातात काय?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. कार्यालयात कोणत्या सेवा अधिसूचित आहेत, किती दिवसांत द्यायच्या आणि जबाबदार अधिकारी कोण, याचा फलक लावणं बंधनकारक आहे. अर्जाची पोच मागा. अर्ज नाकारला तर कारण लेखी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्ज अपुरा म्हणून परत करत असतील तर 'भाऊसाहेब, आणखी काय काय लागेल ते सगळं याच कागदावर लिहून द्या' असं शांतपणे सांगा. आणि पहिलं अपील ज्या अधिकाऱ्याकडे जातं तो त्याच कार्यालयाच्या साखळीतला वरिष्ठ असतो. खिडकीवर काय घडतं हे त्याच्या टेबलावर नेण्याचा हा सरळ मार्ग आहे. तक्त्यात जे दिसत नाही ते अपिलात दिसतं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

अपिलाची मुदत तीस दिवसांची. सबळ कारण असेल तर नव्वद दिवसांपर्यंत ते दाखल करून घेता येतं. मुंबईहून गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येणाऱ्यांनी जुन्या अर्जांच्या पोची आणि त्रुटीचे शेरे मारलेले कागद पिशवीत ठेवूनच गाडीत बसावं.